बांगलादेशचा शुक्रवार

आमच्या घरी शुक्रवारी देश असायचा. सोमवारी गणित, मंगळवारी मराठी, असं करत करत शुक्रवारी एक अख्खा देश. सकाळी नकाशा काढायचा, दुपारी तिथलं काहीतरी रांधायचं, संध्याकाळी मुलींनी वहीत लिहायचं. थोरली अकरा वर्षांची, धाकटी सात. दोघींना मी घरीच शिकवते. हे सांगताना पूर्वी माझा आवाज आपोआप वर चढायचा. हल्ली मी ते शक्यतो सांगतच नाही, आणि का सांगत नाही ते लिहायला आज बसले आहे.

नवरा पाटबंधारे खात्यात. ब्रह्मपुरीहून त्याची बदली गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झाली, तीही वर्षाच्या मध्येच. मुलींची नावं इथल्या शाळेत घालायची की नाही यावर आमची आठवडाभर वादावादी झाली आणि मी जिंकले. माझं माहेर वरोऱ्याचं, मी बी.एड. झालेली, तिकडच्या एका शाळेत चार वर्षं शिकवलेलं. चाळीस पोरं सांभाळली, तर दोघींना शिकवणं म्हणजे डाव्या हातचा मळ, असं मला वाटायचं. शाळेतली मुलं राजधान्या पाठ करतात, माझ्या मुली देश जगतील, असं मी नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, "जगू दे बाई, पण त्यायले पाढे तरी येऊ दे."

माझा नियम एकच होता. देश घरात आला पाहिजे. पुस्तकातलं चित्र दाखवून भागत नसे. जपानच्या शुक्रवारी मी बुरडाकडून बांबूच्या काड्या तासून आणल्या आणि मुलींना त्यांनी भात खायला लावला. अर्धा भात फरशीवर सांडला, तो शेजारच्या कोंबड्यांनी हातांविना आणि काड्यांविना संपवला. इजिप्तच्या शुक्रवारी अंगणात चिखलाचे पिरॅमिड झाले. नॉर्वे मी मूर्खासारखा मे महिन्यात घेतला. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, कूलरमध्ये पाणी टिकत नाही, आणि मी ताटात बर्फाचे खडे पसरून हिमनदी समजावते आहे. धाकटीनं हिमनदी चोखून टाकली.

शनिवारी मी या सगळ्याचे फोटो टाकायचे. घरीच शिकवणाऱ्या पालकांचा मोबाइलवर एक गट आहे, बहुतेक जण पुण्या-नागपूरकडचे. शिवाय माझं स्वतःचं एक पान होतं, ते कुणालाही बघता यायचं. जंगलाच्या कडेला राहून मुलींना जग दाखवणारी बाई, अशी माझी ओळख मीच तिथे करून दिली होती. लोक हृदयाची चिन्हं टाकायचे आणि मी दिवसभर फोन उघडून ती मोजायचे.

पण त्या गटात माझ्यापेक्षा वरचढ माणसं होती. पुण्याच्या एका आईनं शेजारी राहणाऱ्या जर्मन बाईंना घरी बोलावलं, त्यांनी मुलांना पाव कसा भाजतात ते दाखवलं. आणखी कुणाचे तरी काका कॅनडातून व्हिडिओवर बोलले. आमच्याकडे सगळं खोटं खोटं. काड्या, चिखल, बर्फ. मला ते फार झोंबायचं. त्यात एकदा थोरलीनं विचारलं, "आई, आपल्याकडे खरा परदेशी माणूस कधी येईल?" मी म्हटलं, बघू. आणि मी खरंच शोधायला लागले.

सापडला तो आमचा मासेवाला.

आमच्या गावापासून सहा-सात किलोमीटरवर बंगाली लोकांची गावं आहेत. साठेक वर्षांपूर्वी पूर्व पाकिस्तानातून पळून आलेल्या कुटुंबांना सरकारनं इथे आणलं, जंगल तोडून जमिनी दिल्या. त्या गावांना आज ग्रामपंचायती आहेत, शाळा आहेत, तरी आजूबाजूचे लोक त्यांना अजून कॅम्पच म्हणतात. ही माणसं धान लावतात, बोडीत, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यात, मासे वाढवतात. त्यातलाच हा एक, सत्तरीला टेकलेला. मंगळवारी आणि शुक्रवारी जुन्या मोपेडवर थर्माकोलचा डबा बांधून तो आमच्या क्वार्टरच्या गल्लीत यायचा. रोहू, कतला, कधी झिंगे. मुली त्याला दादू म्हणायच्या, कारण त्यानंच तसं म्हणायला शिकवलं होतं. बंगालीत आजोबांना दादू म्हणतात, आणि तो मुलींना लाडानं मा म्हणायचा. धाकटीला टायफॉइड झाला तेव्हा तो वार नसताना आला आणि दोन जिवंत मांगूर पातेल्यात टाकून गेला. "बाई, हे उकडून पोरीले त्याचं पाणी पाजा." ती बरी झाली. डॉक्टरच्या औषधानं झाली असेल, पण ती अजूनही दादूच्या माशानं बरी झाले असंच सांगते.

अशा माणसाला मी परदेशी ठरवलं.

मला कळत नव्हतं असं नाही, हे आधीच सांगते. बातम्या मीही बघत होते. बांगलादेशी हा शब्द कुणाला, कशासाठी आणि कुठल्या सुरात म्हणतात, ते मला चांगलं ठाऊक होतं. तो शब्द मनात आला तेव्हा क्षणभर थबकलेही. मग मीच मला समजावलं, की आपण भूगोलाबद्दल बोलतोय, आणि आपल्याला कोण विचारतं. फोटोला किती चिन्हं येतील याचा हिशोब त्याच क्षणी डोक्यात सुरू झाला होता. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही.

जुलैचा पहिला शुक्रवार होता. धानाच्या रोवणीचे दिवस, शेतातल्या बांध्यांमध्ये सगळीकडे बायका वाकलेल्या. मुलींनी सकाळीच बांगलादेशचा नकाशा काढला, नद्या निळ्या रंगवल्या. थोरलीनं पतंगाच्या हिरव्या कागदाचा झेंडा केला, मध्ये लाल गोल चिकटवला, बांबूच्या काडीला बांधला. दहाच्या सुमारास मोपेडचा हॉर्न वाजला. मी दादूला म्हटलं, आज मासे नंतर, आधी वर या, मुलींना तुमच्याशी बोलायचंय. व्हरांड्यात मी चांगली खुर्ची मांडून ठेवली होती. तो खुर्चीकडे बघून हसला. "एवढं काऊन बाई? मी इथी पायरीवर बसतो." मी त्याला खुर्चीतच बसवलं, कारण फोटोत पायरी बरी दिसली नसती.

थोरलीनं प्रश्न लिहून ठेवले होते. पहिला प्रश्न, तुमचा देश कसा आहे?

"कोनता देश, मा?"

"बांगलादेश."

तो जरा गोंधळला. "मी लहान होतो तेव्हा. आई सांगे, सहा वर्साचा होतो म्हणे. मले तं काई आठवत नाई. एक नदी आठवते. नावेत पानी शिरलं होतं अन् माहे पाय ओले झाले होते. तेवढंच."

थोरलीनं लिहिलं, नदी. मग विचारलं, तिथली माणसं काय काम करतात? दादूला बिचाऱ्याला काय सांगावं कळेना. शेवटी तो म्हणाला, "माही नात नर्स बनून राह्यली." नातीबद्दल तो एकदम भरभरून बोलायला लागला. तिचे आईबाप तेलंगणात कामाला, ती लहानपणापासून ह्याच्याकडे. बारावीला चांगले मार्क पडले. आता फॉर्म भरलाय, गडचिरोलीच्या कॉलेजात नंबर लागला तर शनिवार-रविवार घरी येता येईल. घरात दोघंच तर आहेत. अधिवासाचा दाखला तेवढा निघायचा राहिलाय, तहसीलला अर्ज केलाय. मी त्याला मध्येच थांबवलं. म्हटलं, दादू, ते राहू द्या, मुलींना तिकडचं सांगा ना काही.

धाकटीनं विचारलं, "दादू, राष्ट्रगीत येतं?"

"येते ना!" म्हणाला आणि तो खुर्चीतून उठून ताठ उभा राहिला. हात दोन्ही बाजूंना सरळ. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरांनी शिकवलेलं आपलं राष्ट्रगीत तो पहिल्या शब्दापासून म्हणायला लागला. मुलीही सवयीनं उभ्या राहिल्या. दुसऱ्या ओळीला मी हसत म्हटलं, "अहो दादू, हे नाही, तुमचं म्हणा."

तो थांबला. माझ्याकडे बघितलं, मुलींकडे बघितलं, आणि हळूच खाली बसला. "मले हेच येते, बाई."

तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही. मला वाटलं, म्हातारा कामाचा नाही.

मग मी झेंडा त्याच्या हातात दिला. त्यानं विचारलंही, "हे काऊन?" मी म्हटलं, मुलींच्या अभ्यासासाठी, दोन मिनिटं धरा. त्यानं आधी धोतराला हात पुसले, कागदाला खवले लागू नयेत म्हणून, आणि मगच काडी धरली. धाकटी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली, थोरली दुसऱ्या बाजूला नकाशा घेऊन. मागे त्याची मोपेड. फोटो उत्तम आला. त्याखाली मी लिहिलं, आज आमच्या घरी बांगलादेश! खऱ्याखुऱ्या बांगलादेशी आजोबांकडून शिकलेला भूगोल. गटावर टाकला, पानावर टाकला. जर्मन बाईंना इतकी हृदयं मिळाली नव्हती.

मंगळवारी दादू आला नाही. शुक्रवारीही नाही. पाऊस आहे, रस्ता खराब असेल, असं मी मुलींना सांगितलं. त्या शुक्रवारी ब्राझील होता.

पुढच्या आठवड्यात नवरा ऑफिसातून आला तो फोन पुढे धरूनच. "हे आपलं घर आहे का?" गावातल्या कुठल्यातरी गटावर फिरत फिरत आलेला फोटो होता. दादू खुर्चीत, हातात झेंडा, मागे मोपेड आणि तिचा नंबर. मुली कापून टाकल्या होत्या. खाली लिहिलं होतं, आपल्या तालुक्यात बांगलादेशी उघड उघड झेंडा घेऊन बसतात, प्रशासन झोपलंय का. मी म्हटलं, नसेल आपलं. नवऱ्यानं फोटो मोठा करून दाखवला. दादूच्या खांद्यावर चार बोटं राहून गेली होती. धाकटीची. नखांना तिनं त्या दिवशी माझं नेलपॉलिश फासलेलं होतं.

मी पहिलं काय केलं असेल, तर माझ्या पानावरून फोटो काढून टाकला. मग गटावरून. मग माझं नाव कुठे दिसतंय का ते तासभर शोधत बसले. दादूचं काय झालं असेल, हे मी तोवर मनात आणलंही नव्हतं.

ते नवऱ्यानंच सांगितलं. दादूला दोनदा चौकशीला बोलावलं होतं. कुणीतरी लेखी तक्रार केली होती. आणि घरातल्या सगळ्यांचीच चौकशी व्हायची म्हणून नातीच्या दाखल्याचा अर्ज थांबवून ठेवला होता. मी विचारलं, आपण जाऊन सांगायचं का? नवऱ्यानं फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, "तू काई बोलू नको. माही सरकारी नोकरी आहे. त्यायच्याकडे कागद असतीन ना, दाखवतीन ते."

मला हायसं वाटलं. इथे खोटं लिहायचं असतं तर मी नवऱ्यावर ढकलून मोकळी झाले असते, की त्यानं अडवलं म्हणून मी गेले नाही. पण त्यानं नको म्हटलं आणि मला सुटल्यासारखं झालं, हे खरं आहे.

थोरली मात्र पिच्छा सोडेना. तिनं आमचं बोलणं ऐकलं होतं. "आई, झेंडा मी केला होता. मी सांगते ना त्यांना." मी म्हटलं, मोठी माणसं बघतील. "कोणती मोठी माणसं?" मी तिच्यावर खेकसले, पाढे म्हण म्हणाले. ती सतराचा पाढा म्हणत बसली, रडत रडत, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन डाळ निवडत बसले. डाळ आधीच निवडलेली होती.

असे तीन आठवडे गेले. देशांचे शुक्रवार मी बंद केले, कारण काही सांगितलं नाही. मासे बाजारातून आणायला लागले. बाजारात त्या गावांतल्या बायका बसतात, त्यांच्यासमोरून जायला नको म्हणून मी लांबच्या टोकाला जाऊन महाग मासे आणायचे. लोकांना काही माहीत नव्हतं. तरी कुणी नुसतं माझ्याकडे बघून हसलं, तरी मी चालायचा वेग वाढवायचे.

मग एका दुपारी फाटकाशी सायकल थांबली. अठरा वर्षांची मुलगी, भिजलेली, पाठीला दप्तर. मी दादूची नात, म्हणाली. आत आली पण बसली नाही. तिला भांडायचं नव्हतं. ती नीट, हळू आवाजात बोलली. "बाई, आजोबांनी साहेबाले तुमचं नाव नाई सांगितलं. बाईच्या पोरींचा अभ्यास होता एवढंच सांगते. कोनती बाई म्हणून विचारलं तं गप बसते. साहेब म्हणतात, त्या बाईचं लिहून आणा." मग म्हणाली, "कॉलेजची पहिली यादी लागून राह्यली. दाखला नसला तं माही सीट जाते."

म्हातारा तीन आठवडे माझं नाव न घेता उभा होता, आणि मी बाजारात लपत फिरत होते. जमिनीनं गिळावं असं लोक म्हणतात, ते मला अतिशयोक्ती वाटायचं.

मी कागद घेतला आणि तिथेच लिहायला बसले. लिहिता येतं मला, तेच तर माझं दुखणं आहे. मी लिहिलं, शैक्षणिक उपक्रमादरम्यान काढण्यात आलेल्या छायाचित्राचा समाजमाध्यमांवर विपर्यास करण्यात आला असून त्यातून गैरसमज निर्माण झाला आहे, सबब सदर गृहस्थांविषयी कोणताही संशय घेण्यात येऊ नये. खाली सही केली. तिच्या हातात दिला तेव्हा मला वाटलं, सुटलो सगळे.

तिनं तो उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचला. मग परत वरून वाचला. "बाई, यात कोणी काय केलं तेच नाई."

"म्हणजे?"

"झेंडा आजोबाच्या हातात आपोआप आला का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती. आतल्या दाराशी थोरली उभी होती, ती माझ्याकडे बघत होती. मी तो कागद फाडला. दुसरा घेतला आणि लिहिलं, झेंडा माझ्या घरी केला. त्यांनी हे कशाला म्हणून विचारलं होतं. मी त्यांना तो धरायला लावला. फोटो मी काढला. त्यांना बांगलादेशी मी म्हटलं, त्यांनी स्वतःला तसं म्हटलेलं नाही. त्यांना राष्ट्रगीत म्हणायला सांगितलं तेव्हा ते उभे राहून भारताचंच म्हणाले, मी त्यांना थांबवलं. हे शेवटचं लिहिताना पेन चालेना. लिहिलं. तिनं वाचलं आणि म्हणाली, "आता बरोबर आहे. पण तुम्हाले यावं लागन."

नवऱ्याला न विचारता मी दुसऱ्या दिवशी गेले. त्याला नंतर कळलं, तो दोन दिवस बोलला नाही, आणि पुढे त्याच्या नोकरीच्या केसालाही धक्का लागला नाही.

तहसीलच्या ऑफिसात दादू सकाळपासून खिडकीशी उभा होता. नात शेजारी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. मी आत शिरताच टेबलामागचा माणूस उठला. "या मॅडम, या. साहेबांच्या मिसेस ना तुम्ही? बसा." खुर्ची ओढून दिली. आणि मी बसले. सवयीनं बसले. चहा आला, तो अर्धा पिऊन झाल्यावर माझ्या लक्षात आलं की इतक्या लोकांत बसलेली मी एकटीच आहे. मग उठून उभं राहणं नाटकी वाटेल म्हणून बसूनच राहिले. त्याचीही आता लाज वाटते.

त्यानं माझा कागद वाचला. मान वर करून खिडकीकडे ओरडला, "काऊन हो, झेंडा हातात देला तं धरायचा का? डोकं नाई का तुमाले?"

मी म्हटलं, "त्यांना का विचारता? मला विचारा ना. मी धरायला लावला, तसं लिहिलंय त्यात."

"मॅडम, तुमचं काय, तुम्ही सहज केलं असन. होते असं." तो हसला. "तुम्ही कशाले त्रास घेतला, साहेबांनी फोन केला असता तरी झालं असतं."

फोन केला असता तरी झालं असतं. ते तीनही आठवडे आमच्या घरात दोन फोन होते.

दादू खिडकीजवळून म्हणाला, "जाऊ द्या साहेब. पोरींचा अभ्यास होता." मग माझ्याकडे वळून, "बाई, धाकटी बरी आहे ना?" मी नुसती मान हलवली. त्याची माफी मागायची म्हणून मी रात्रभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. पुढे त्यांच्या कागदांची एकेक करून तपासणी सुरू झाली. दादूच्या वडलांच्या नावाचा जमिनीचा कागद, कॅम्पात आल्याचा कागद, शाळेचा दाखला, मतदान ओळखपत्र, रेशनकार्ड. घड्या पडून पडून कागद घडीवर फाटलेले, मागून चिकटपट्टी लावलेले. मला माझं नाव, गाव, ओळख पटवणारा एकही कागद कुणी मागितला नाही. माझ्या सहीवर त्यांनी लगेच विश्वास ठेवला.

दाखला बारा दिवसांनी मिळाला. तोवर पहिली यादी होऊन गेली होती. गडचिरोलीची जागा गेली. दुसऱ्या यादीत तिला लांबच्या जिल्ह्यात प्रवेश मिळाला, तिथून दर शनिवारी घरी येता येत नाही. दिवाळीला येते म्हणतात. म्हातारा आता घरात एकटा असतो. हे माझ्यामुळे झालं, आणि याला दुसरं कुणी जबाबदार आहे का ते मी फार शोधून पाहिलं आहे. फोटो कापणारा होता, तक्रार करणारा होता, अर्ज अडवणारा होता. ते सगळे आहेतच. पण त्या सगळ्यांच्या हातात आयतं दिलं ते मी.

मुलींना मी सगळं सांगितलं. त्याआधी नवऱ्याला सांगितलं. धाकटीला फार कळलं नाही. थोरलीनं ऐकून घेतलं आणि वहीतलं बांगलादेशचं पान काढून मला दिलं. त्यावर तिनं लिहिलेलं एकच उत्तर होतं, नदी. पुढच्या जूनपासून दोघी इथल्या शाळेत जाणार आहेत. थोरलीनंच तसं म्हटलं, आणि मी वाद घातला नाही.

सप्टेंबरच्या एका मंगळवारी गल्लीत हॉर्न वाजला. धाकटी चप्पल न घालता धावली. मी पातेलं घेऊन मागोमाग गेले. दादू फाटकाबाहेरच थांबला होता. या ना दादू, पायरीवर बसा, मी म्हटलं. "नाई बाई, घाई आहे," म्हणाला आणि डबा उघडला. कतला चांगला होता. मोपेडच्या हँडलला एक प्लॅस्टिकची पिशवी दुहेरी गाठ मारून अडकवलेली होती. पूर्वी ती नसायची.

"त्यात काय आहे?" धाकटीनं विचारलं.

"माहे कागद."

"मासे विकायला कागद लागतात?"

"सोबत ठेवा लागते, मा. कोणी विचारलं तं दाखवा लागते, मी इथलाच म्हणून."

"कोण विचारतं?"

दादू तराजूचा काटा स्थिर व्हायची वाट बघत होता. "आता कोनीबी विचारते," तो म्हणाला.

सगळ्यात आधी मीच विचारलं होतं.